काळ्या तबकडीवरचा आळ

मित्रांनो, मी काळी, बारा इंची, गाण्यांची चांगली जुनी तबकडी आहे. दोन्ही बाजूंनी वाजते, आणि खरं सांगायचं तर जरा कर्कशच वाजते.

माझा जन्म १९८३ साली इंग्लंडमध्ये झाला. 'स्लेट हाउंड' नावाचा एक हेवी मेटल बँड होता. माझी गाणी रेकॉर्ड होत असतानाच गायकाचं आणि खालच्या, घुमणाऱ्या सुरांची बेस गिटार वाजवणाऱ्याचं कडाक्याचं भांडण झालं. बेसवाला बँड सोडून गेला. रागाच्या भरात बाकीच्यांनी त्याच्या गिटारचा आवाज इतका दाबला, की तो असून नसल्यासारखा झाला. मी बाजारात आले तेव्हा लोक म्हणाले, "नुसता पत्र्याचा डबा वाजतोय!"

बोटीवर काम करणाऱ्या एका मामाने मला वसईला आणून भाच्याला दिलं. भाच्याचं नाव ऑस्वल्ड. तो लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवायचा. स्पीकरला कान लावून तो माझ्यातला दबलेला बेस हुडकून काढायचा आणि स्वतःच्या गिटारवर बसवायचा. इतकी माया माझ्यावर कोणी केली नव्हती.

पुढे नोकरीसाठी तो बायको पॉलीन आणि लेक सिमोना यांच्यासह कतारला आला. त्याच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत मीही आले. अल गराफा भागातल्या घरात दर शुक्रवारी चर्चमधली मासची प्रार्थना आटोपून आल्यावर तो मला लावायचा.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता. जिकडेतिकडे खोदकाम चाललं होतं. ऑस्वल्ड अल रय्यानमध्ये एका पुलाच्या पायाच्या कामावर सुपरवायझर होता. जमिनीत खांब ठोकणाऱ्या यंत्राशेजारी तो दिवसभर उभा असे. मजुरांचं बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज अडवणारे कानांवरचे मफ सारखे काढून ठेवी.

हळूहळू तो माझा आवाज वाढवू लागला.

"ऑस्वल्ड, शेजारी काय म्हणतील?" पॉलीन वैतागायची.

"रेकॉर्ड झिजलीय ग. गिटार ऐकूच येत नाही."

मी झिजले नव्हते, मित्रांनो! पण सांगणार कशी? एके दिवशी त्याने मला कपाटावर ठेवून दिलं. इकडे सिमोना हाका मारून थकायची. "पप्पा, यू नेव्हर लिसन!" म्हणत खोलीचं दार लावून घ्यायची.

२०१८ मध्ये स्लेट हाउंडच्या मूळ टेप सापडल्या. म्हाताऱ्या झालेल्या त्या मंडळींनी राग सोडला, बेस नीट वर आणला आणि अल्बम नव्याने काढला. सिमोनाने पप्पांच्या वाढदिवसाला ती नवी तबकडी मागवली. मी कपाटावरून बघत होते. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

सुई टेकली. गिटार किंचाळली. पॉलीनने कानांवर हात ठेवले. ऑस्वल्ड मात्र वाट बघत होता.

"सुरू नाही झाली का ग, बाय?"

सिमोना त्याच्याकडे बघतच राहिली. मग बेस घुमला. त्याचा चेहरा उजळला, बोटं मांडीवर चालू लागली. "हा बघ! हा बेस!" त्याचे डोळे भरून आले.

सिमोनाने गाणं थांबवलं. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी ती मुलगी सावकाश म्हणाली, "पप्पा, तुला माझा आवाज ऐकायला येत नाही?"

"थोडा थोडा येतो, बाय. कोणाला कळलं तर नोकरी जाईल, म्हणून घाबरलो."

पॉलीन त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. खांब ठोकणाऱ्या यंत्राच्या आवाजाने त्याला बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झाले होते; बेससारखे खोल आवाज तेवढे उरले होते. गेलेलं ऐकणं परत येणार नव्हतं, पण कानात यंत्रं बसली. त्याने साहेबाला स्वतःच सगळं सांगितलं. नोकरी राहिली, काम मात्र वेस्ट बे भागातल्या ऑफिसात, नकाशे तपासण्याचं मिळालं.

घरी येऊन त्याने मला खाली काढलं आणि रुमालाने पुसलं. "हिच्यावर उगाच आळ घेतला," तो म्हणाला. आता मी नवीच्या शेजारी उभी असते. ती जास्त वाजते. वाजू दे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी म्हणेनच. पण त्याआधी माणसं जपा. घरात कोणी हाकेला ओ देत नसेल, तर दुसऱ्या खोलीतून ओरडू नका. उठा, समोर जाऊन बसा, तोंडाकडे बघून बोला. सिमोना आता तसंच करते. इंग्रजी तिच्या तोंडून फार भरभर निघतं, म्हणून पप्पांशी ती मराठीतच बोलते. चुकत चुकत, थांबत थांबत.