कबुतरवाल्याकडची उडती खार

आमच्या मालकांना कबुतरांतलं कळतं, हे मस्तगड मोहल्ल्यात कुणालाबी विचारा. नवं कबुतर आणलं की पहिले एका बाजूचे पंख कातरायचे. मंग ते लांब जात न्हाई, घर ओळखीचं होतं, अन् तवर नवे पंख येतात. ह्याच अकलेनं आमचं तोंड काळं केलं.

शेजारच्या वखारीत धर्मराज ट्रकनं चंद्रपूरकडचं सागवान आणतो. मागल्या खेपेला एका पोकळ ओंडक्यातून जनावर निघालं. खारीवाणी, पण मांजराएवढं. शेपूट अंगापरीस लांब, डोळे काळेभोर. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत दोन्ही बाजूंना कातड्याची घडी.

"उडती खार हाय," धर्मराज म्हणला. "दिवसा ढोलीत झोपते, अंधार पडला की निघते. शेंड्यावर चढायचं, चारी पाय ताणायचे, अन् कातडं पसरून लांबच्या खोडावर जायचं. जमिनीवर पाय ठेवायला भेती. कारभारीभाऊ, अमानत म्हणून सांभाळा. पुढल्या खेपेला तिच्या जंगलात नेऊन सोडतो."

अमानत म्हणल्यावर आमच्या मालकांचं विचारूच नका! पेटीत गोणपाट अंथरलं, वडाची फळं आणली, आंब्याची कोवळी पानं आणली. संध्याकाळी ती दोन्ही हातांत फळ धरून खायची, तर हे समोर मांडी घालून बसायचे. लगीन झाल्यापासून माझ्याकडं कधी एवढं बघितलं न्हाई.

एका संध्याकाळी ती खुराड्याच्या छपरावर चढली, अन् ह्यांचा जीव उडाला. "चतुरे, गेली तर धर्मराजला काय तोंड दाखवू?" कातर घेऊन आले. टॉवेलात धरून मीच बसले. एका बाजूची कातडीची किनार कापली, तर रक्त.

"अहो, रक्त!"

"कोवळा पंख असला की येतंच," म्हणले अन् हळद दाबली.

मीबी टॉवेल सोडला न्हाई. मला का डोळे नव्हते?

मंग रोज सकाळी ती किनार ताणून बघायचे. "फुटून राह्यलंय बघ." काय फुटतंय कपाळ! जखम भरली, कातडं तेवढंच राह्यलं.

एक दिवस दिवेलागणीला ती आमच्या दारच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर गेली. पल्याड वखारीतली चिंच. चारी पाय ताणून उडी घेतली. एक बाजू फुगली, दुसरी फुगलीच न्हाई. गरकन फिरली अन् धाडदिशी खाली. पळत जाऊन उचलली, जिती होती. ह्यांनी ताटाला हात लावला न्हाई, अन् तेव्हापासून कातर कुठं हाय ते मला माहीत न्हाई.

धर्मराज परवा आला. बायकोनं शिवलेली जाळीची पिशवी घेऊन आल्ता, वाटेत हवा लागावी म्हणून. खारीला उचललं, पाय ताणला, अन् तसाच थांबला.

"हे काय झालं?"

"मांजरीनं फाडलं," मी पटकन बोलून गेले. जीभ झडली असती तर बरं.

"मांजर न्हाई," मालक म्हणले. खाली मान. "मी कातरलं. जाऊ न्हाई म्हणून. मला वाटलं, परत येतंय."

धर्मराजनं आवाज चढवला असता तर मी भांडले असते. भांडायला मी काय कमी न्हाई! पण तो हळूच म्हणला, "भाऊ, हे पंख न्हाईत. हे तिचं अंग हाय. येत न्हाई परत." मंग मला म्हणला, "वैनी, तिकडं सोडली तर पहिल्याच उडीला मरंल. असू द्या इथंच." चहा ठेवते म्हणलं, तर थांबला न्हाई. रिकामी पिशवी घडी करून घेऊन गेला.

आता रोज दिवे लागले की ती लिंबावर चढते. पेटीला झाकण लावलं तर नखं मोडेस्तोवर खरडते, म्हणून मोकळीच ठेवतो. मालक झाडाखाली एकीकडून वाकळ धरतात, मी दुसरीकडून. वखारीतली माणसं विचारतात, "काय वाळू घालून राह्यले, भाभी?" एरवी मी एकाचे चार ऐकवले असते. आता लाज वाटते, मान वर होत न्हाई.

काल पडली, झेलली आम्ही. वाकळीत घडीभर पडून राह्यली, ऊर लपलप करत होतं. वाकळ भुईवर टेकवून मालक हात जोडून म्हणले, "बस कर, माय."

ती उठली, त्यांच्याच हातावरून खांद्यावर चढली, अन् तिथून परत लिंबावर.