परातीतला गरुड

"बसला! गरुड बसला!"

जे. पी. नगरमधल्या त्या हॉलमध्ये दोनशे माणसं एकदम ओरडली. कित्येकांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

स्टेजवर तरंगस्वामी. समोरच्या परातीत भक्तांचे फोन. शिष्य नागनाथ लाल वस्त्राखाली हात घालून एकेका फोनला 'भस्म लावत' होता. वस्त्र बाजूला झालं की स्वामी गरजायचे, "लावा फोन!" फोन लागायचा नाही. फोनचा पडदा मात्र उजळलेला, घड्याळ चालू आणि वरच्या कोपऱ्यात पंख पसरलेली चिमुकली आकृती.

"देह चालू, वाणी बंद! जिवंत समाधी!" स्वामी म्हणाले. "ज्या गरुडानं या यंत्राच्या लहरी बांधल्या, तो तुमच्या रक्तातली साखर बांधणार नाही? फेका त्या सुया!"

माझ्या शेजारी तानूबाई बसली होती. आमची मल्लेश्वरमची शेजारीण, मूळची निपाणीकडची, बारा वर्षं इन्सुलिनवर. पहिल्या दर्शनापासून, म्हणजे तीन दिवस, तिनं इंजेक्शन घेतलं नव्हतं. ओठ सुकलेले, श्वास जड, सारखी पाणी मागत होती.

"अक्का, उठ. आधी दवाखान्यात चल."

"स्वल्प थांबा मास्तर. माझ्या फोनवर गरुड बसू दे."

मागे तिचा मुलगा अभिजीत हात जोडून उभा होता. मारतहळ्ळीत सॉफ्टवेअरची नोकरी, महिन्यातून दोनदा विमानानं पुण्याला जाणारा! स्वामीपेक्षा मला त्याचीच जास्त चीड आली.

मी तडक स्टेजवर चढलो.

"स्वामी, माझा गरुड मीच बसवतो." माझ्या फोनच्या पडद्यावरून बोट खाली ओढलं आणि विमानाच्या खुणेवर टेकवलं. "अभिजीत, लाव मला फोन."

त्यानं लावला. लागेना. मी पुन्हा त्याच खुणेवर बोट टेकवलं. या वेळी फोन खणखणला.

"नास्तिका! देवाची नक्कल करतोस?" स्वामी किंचाळले.

"देवाची नाही, तुमच्या नागनाथाची. अभिजीत, हे काय आहे ते सांग सगळ्यांना."

तो खाली बघत म्हणाला, "फ्लाइट मोड आहे, सर."

मग मीच सांगितलं. विमानाच्या यंत्रणेत फोनच्या लहरींचा अडथळा नको म्हणून ही सोय असते. ती चालू केली की फोनचं नेटवर्कशी बोलणं थांबतं. घड्याळ, गजर, कॅमेरा चालूच राहतात. तो गरुड नाही, विमानाचं चित्र आहे. वस्त्राखाली नागनाथ तेवढंच बटण दाबतो.

तानूबाई वळली. "तुला ठाऊक होतं?"

"आई, मला वाटलं, पॉझिटिव्ह एनर्जी असेल... तू खूश होतीस ना."

"मी सुई घेत नव्हते, ते बघत होतास?"

 अभिजीतनं आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून रिक्षात घातलं. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तानूबाई कधी विमानात बसलेली नाही. तिला त्या खुणेत गरुड दिसला, यात तिची काय चूक? पण हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते विमान आहे हे पक्कं माहीत होतं आणि तरी ते हात जोडून उभे होते. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: जे माहीत आहे ते त्याच क्षणी, मोठ्यानं सांगा. तुमच्या गप्प बसण्यावर कुणाची तरी आई विश्वास ठेवून बसलेली असते.