विहाराजवळचे सत्तावीस ठिपके

"इथं नाही झालं जी, सर," बुद्धविहाराच्या फाटकाशी थांबून, चोरीची तक्रार दिलेल्या सिंधूताई म्हणाल्या. "इथं तं दिवसभर माणसं बसून राहतात. इथं कोण पोत ओढते?"

प्रा. प्रेमानंद गजघाटे हातातल्या टॅबकडे पाहत राहिले. भूगोलाच्या या प्राध्यापकाने दीड वर्ष खपून, पोलीस ठाण्यातली एकेक तक्रार संगणकावर चढवून सोनसाखळी चोऱ्यांचा नकाशा केला होता. प्रताप नगरामागच्या या वस्तीत त्यावर सत्तावीस लाल ठिपके पडले होते, सगळे विहाराला चिकटलेले. सोमवारी नकाशा पोलिसांकडे जायचा होता. तो मिळाला की वस्तीतल्या तरुण पोरांची यादी काढायची आणि दर आठवड्याला त्यांना ठाण्यात हजेरीला बोलवायचं, हे ठाण्याच्या साहेबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. सर आज आले होते ते फक्त अहवालासाठी चार फोटो काढायला.

"मग तक्रारीत 'विहाराजवळ' काहून लिहिलं?"

"जमादारानं इचारलं, जवळ काय आहे? मी म्हटलं, विहार. आमच्या इकडे दुसरं काय आहे सांगाले?"

सत्तावीस जणींनी हेच सांगितलं होतं. संगणकाने मुकाट्याने साऱ्यांना विहारावर नेऊन बसवलं आणि सरांनी मान डोलावली. 'आधी पायी फिरा, मग नकाशा काढा' असं दरवर्षी वर्गात ऐकवणारा हा माणूस स्वतः मात्र खुर्चीतून हलला नव्हता.

"चला, जागा दाखवते," म्हणत सिंधूताई पुढे निघाल्या. वस्ती संपली, नाल्यावरची फरशी ओलांडली आणि दोघं एका सोसायटीच्या उंच भिंतीमागच्या बोळात आले. बोळात एक चिंचेचं झाड आणि तीन खांब होते, दिवा एकाही खांबावर नव्हता.

"सोसायटीचं इकडचं गेट सात वाजताच बंद करतात. आम्ही स्वैपाक आटपून निघतो तं मागूनच यावं लागते. इथंच गाडी आली, पोत ओढली न् गेली."

विहार इथून पाचशे पावलांवर होतं. सरांना लाज वाटली, कान तापेपर्यंत. कळमेश्वरला असताना त्यांच्या वडिलांना, देवरावांना, कुणा दुसऱ्याच्याच चोरीपायी हजेरीला उभं राहावं लागलं होतं आणि कारखान्यातलं काम त्यातच गेलं होतं. आज मुलगा तीच हजेरी रंगीत छापून द्यायला निघाला होता. त्यांनी काही न लपवता सिंधूताईंना सगळं सांगितलं.

"म्हंजे माझा अंकितही यादीत आला असता?"

"हो."

"त्याले कंपनीत लागून आत्ताच चार महिने झाले." त्यांनी सरांकडे पाहिलं. "मंग आधीच चालत काहून नाही आले जी?"

सरांनी तिथूनच मोनालीला, आपल्या संशोधक विद्यार्थिनीला, फोन लावला.

"सोमवारचं रद्द कर."

"सर, साहेब भडकतील."

"भडकू दे. सत्तावीस घरी जायचं आहे. चपला मजबूत घाल."

तीन आठवड्यांनी ठाण्याच्या पडद्यावर नवा नकाशा लागला. ठिपके आता विहार सोडून भिंतीच्या कडेने ओळीत उभे होते. खाली सरांनी सहीनिशी लिहिलं होतं : 'आधीचा नकाशा चुकीचा होता. चूक माझी.'

"सर, हे लिहायची गरज नव्हती," साहेब म्हणाले.

"होती."

साहेबांनी पुन्हा एकदा नकाशा नीट पाहिला. यादी काढायची नाही, असं त्यांनी जमादाराला सांगितलं, आणि गेटसाठी व दिव्यांसाठी पत्रं लिहायला घेतली. सरांना हायसं वाटलं. मागच्या खुर्चीवर बसलेल्या सिंधूताई एवढ्यात उठून पडद्यापाशी आल्या.

"हा माझा का जी?"

"हो, ताई."

"थोडा पुढं घ्या. चिंचेच्या पल्याड."

एक शिपाई हसला. सर हसले नाहीत. सगळ्यांसमोर त्यांनी ठिपका उचलला, चिंचेच्या पलीकडे नेला आणि विचारल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

"अजून थोडा," सिंधूताई म्हणाल्या.