पिठाच्या कोठीतली फीत

माझ्या अंगाला आंबट वास येतो, मित्रांनो, तेव्हा जरा लांबच बसा. तो वास नाकात गेला की डोळ्यांना पाणी येतं, आणि मग लोकांना वाटतं की माझी कहाणी ऐकून रडू आलं. मी एका जुन्या इंग्रजी भुताच्या सिनेमाची चित्रफीत आहे. त्या सिनेमाच्या आम्ही पाच फिती होतो, मी शेवटची. बाकीच्या चौघी कधीच कचऱ्यात गेल्या. माझेही आता फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून जे आहे ते सांगून टाकते.

माझं माहेर थॉर्नकोट स्टुडिओ. लंडनबाहेर नदीकाठी एक जुना बंगला होता, तिथे हे सिनेमे व्हायचे. नाव मोठं, लक्षण खोटं, असा सगळा कारभार. एकच जिना नऊ सिनेमांत नऊ राजवाड्यांचा जिना म्हणून मिरवला. शवपेटीही एकच होती, प्लायवूडची, दर सिनेमाला नवा रंग चढवलेली. धुकं तेल जाळून करायचे आणि सगळे दिवसभर खोकायचे. तरी लोक रांगा लावून तिकिटं काढायचे आणि मनापासून घाबरायचे. आम्ही कामाला चोख होतो, एवढं म्हणायचा मला हक्क आहे.

एकोणीसशे चौसष्ट साली त्यांना शवपेटीतून उठणारी परदेशी राजकन्या हवी होती. जवळच्या इस्पितळात पुण्याची प्रमोदिनी नर्सिंग शिकत होती. कोणीतरी तिला विचारलं, आणि तिने तीन दिवस सुटी काढून ते काम केलं. घरी मात्र कळवलं नाही. जिवंत मुलगी शवपेटीत झोपली हे वडिलांच्या कानावर गेलं असतं, तर त्यांनी पुण्यात बसून उदकशांत करून घेतली असती आणि तिला पहिल्या बोटीने परत बोलावलं असतं.

तिचं काम अडीच मिनिटांचं. झाकण सरकतं, ती उठून बसते, केस मागे सारते आणि सरळ तुमच्याकडे बघते. हसायचं नाही असं दिग्दर्शकाने बजावलं होतं. ती हसत नाही, पण हसू आवरते आहे हे दिसतं. इंग्लंडच्या सेन्सॉरने तो प्रसंग कापून टाकला. जर्मनीला गेलेल्या आम्हा फितींमध्येच तो राहिला. तिच्या तोंडी जर्मन आवाज घालून आम्हाला गावोगाव पाठवलं.

असं फिरत फिरत मी नेकारसुल्मला आले, सदुसष्टच्या थंडीत. तिथल्या थिएटरात मशीन चालवायला एक हिंदुस्थानी तरुण होता, आत्माराम. आठवडाभर मोटारींच्या कारखान्यात काम आणि शनिवार-रविवार इथे. हा प्रमोदिनीचा धाकटा भाऊ. त्याची ताई वर्षापूर्वीच लंडनमध्ये न्यूमोनियाने गेली होती. तार पोचली तेव्हा तिकडे दहनही झालं होतं. त्याने तिचं शेवटचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि तिने सिनेमात काम केलं हे त्याला माहीतच नव्हतं.

त्या शनिवारी त्याने मला मशीनवर चढवलं, खिडकीतून पडद्याकडे बघितलं, आणि त्याची मेलेली बहीण शवपेटीतून उठून बसली.

मी चालतच राहिले. माझं शेवटचं टोक सुटलं, पडदा पांढरा झाला, खाली लोक शिट्ट्या मारायला लागले. त्याला दिवे लावायचं भान नव्हतं. मालक वर धावत आला तेव्हा हा जमिनीवर बसलेला होता. मालक बिचारा समजला की मशीनचा शॉक बसला.

थिएटरात आलेल्या फिती आठवड्याने परत जायच्या. पण आमच्या वितरकाचा धंदा बुडाला, आम्हाला परत मागायला कोणी आलंच नाही, आणि आम्ही तिथल्याच कपाटात राहिलो. मग एक रीत पडली. दर भाऊबीजेला आत्माराम दुपारच्या खेळानंतर एकटा थांबायचा आणि मला चढवायचा. यमद्वितीयेला यम बहिणीकडे जेवायला जातो म्हणतात. आमच्याकडे उलट होतं, यमाच्या घरून बहीणच यायची. अडीच मिनिटं बघून तो मला उलटी गुंडाळायचा आणि घरी जायचा. लग्न होऊन वसुधा साताऱ्याहून आली, तेव्हा पहिल्याच भाऊबीजेला त्याने तिला सोबत नेलं. भुताच्या सिनेमातली नणंद पाहून ती घाबरली नाही. पडद्याला नमस्कार करून ती म्हणाली की वन्सं अगदी तुमच्यासारख्या दिसतात.

अठ्ठ्याहत्तर साली थिएटर बंद झालं. थॉर्नकोट त्याआधीच बुडालं होतं. मालक म्हणाला, हवं ते घेऊन जा, उरलेलं उद्या कचऱ्यात जाईल. आत्मारामने मला काखोटीला मारलं आणि घरी आणलं.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. मला ठेवायचं कशात, असा प्रश्न आला. वसुधाने साताऱ्याहून स्टीलची एक मोठी कोठी आणली होती, पिठाची. घरातलं ते सगळ्यात चांगलं भांडं. तिने ती रिकामी करून घासली, उन्हात वाळवली, मला मलमलच्या कापडात गुंडाळून आत ठेवलं. झाकण दाबून लावलं, कडेने मेण ओतलं, वरून चिकटपट्टीचे चार वेढे दिले. तिचं लोणचं पाच-पाच वर्षं बिघडत नसे. वारा लागला की नासतं, हे तिला आईने शिकवलेलं. तळघरातल्या खोलीत ओल होती, म्हणून कोठी गरम पाण्याच्या बॉयलरशेजारी, हाइट्सुंगच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राच्या खोलीत ठेवली. कोरडी आणि ऊबदार जागा. भावजयीने नणंदेची याहून मोठी बडदास्त काय ठेवायची?

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आम्हा फितींच्या अंगातून एक आंबट वाफ निघते. मोकळ्या गार जागेत ती उडून जाते. बंद डब्यात ती आमच्याच अंगावर बसते, अंग खाते, त्यातून आणखी वाफ निघते. उबेने ती दुपटीने वाढते. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझ्या तोंडी आवाज दुसऱ्यांचाच. दर भाऊबीजेला दोघं खाली यायची. वसुधा झाकणाला हळदकुंकू लावायची. आत्माराम हात ठेवून म्हणायचा, मशीन मिळालं की बघू. झाकण काढलं तर हवा लागेल, म्हणून ते कोणी कधी काढलं नाही. अशी सत्तेचाळीस वर्षं गेली. मी आत मऊ झाले, मग चिकटले, मग माझा लाकडाच्या ओंडक्यासारखा गोळा झाला.

मागच्या वर्षी आत्मारामच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आला. डॉक्टरने सांगितलं की पुढच्या थंडीपर्यंत माणसांचे चेहरे ओळखू येणार नाहीत. ताईला एकदा बघायचं राहिलंय, एवढंच आत्माराम म्हणाला.

तेवढ्यात हायडेलबर्गच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्याला देवदत्त भेटला. हा मुलगा जुन्या भयपटांवर पीएचडी करतो. थॉर्नकोटचं नाव आणि सिनेमांचे हक्क न्युरेम्बर्गच्या एका नव्या कंपनीने घेतले होते. मेलेला स्टुडिओ पुन्हा उभा करायचा, आणि सुरुवात आमच्याच सिनेमाने करायची, पण न कापलेल्या. ती अडीच मिनिटं शोधायला त्यांनी देवदत्तला लावलं होतं. आत्मारामने सहज सांगितलं की ती माझ्या तळघरात आहेत. देवदत्तच्या हातातली चकली हातातच राहिली.

कोठी जशीच्या तशी जुन्या फिती दुरुस्त करणाऱ्या प्रयोगशाळेत नेली. आत्माराम आला, त्याची मुलगी संपदा त्याचा हात धरून आली. ती इंजिनिअर आहे आणि बापाला लहान मुलासारखी दटावते. वसुधाचे गुडघे चालत नाहीत, ती घरी राहिली. तिने मात्र निघताना बजावलं होतं की झाकण जपून काढा, मेण आत पडेल.

फ्राऊ ब्रांट नावाच्या बाईंनी झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरल्या. माझं काय झालंय ते वासावरूनच सगळ्यांनी ओळखलं. ताईचा प्रसंग माझ्या शेवटी, म्हणजे गुंडाळीच्या पोटात, आणि तिथेच मी सगळ्यात जास्त चिकटलेली. बाईंनी तीन आठवडे मला औषधाच्या वाफेत ठेवलं, बोथट पात्याने एकेक वेढा सोडवला. वेढ्यांबरोबर चित्रं सुटून यायची, पापुद्र्यासारखी, आणि बोटावर त्यांची पूड व्हायची. प्रमोदिनीच्या साडेतीन हजार चित्रांपैकी एकतीस वाचली.

एकतीस चित्रं म्हणजे सव्वा सेकंद.

मग आत्माराम, संपदा आणि देवदत्तला पुन्हा बोलावलं. सव्वा सेकंद फार लवकर संपतो, म्हणून बाईंनी तो संगणकावर फिरता ठेवला. प्रमोदिनी उठायची, पुन्हा आडवी, पुन्हा उठायची. आत्माराम मान तिरकी करून बघत होता, कारण त्याला आता कडेनेच दिसतं. दहा-बारा वेळा झाल्यावर त्याने हात वर केला.

"थांबवा," तो मराठीतच म्हणाला. "सारखं सारखं नका उठवू तिला."

संपदाने ते जर्मनमध्ये सांगितलं आणि फ्राऊ ब्रांटनी पडदा थांबवला.

कंपनीची बाई तयारीने आली होती. एकतीस चित्रांवरून त्यांच्या संगणकाने बाकीचा सगळा प्रसंग तयार केला होता. तिने तो लावला. झाकण सरकलं, प्रमोदिनी उठून बसली, केस मागे सारले, नीट समोर बघितलं. एकही ओरखडा नाही. संपदाने आत्याला कधी पाहिलं नव्हतं, तिला रडू फुटलं. बाईने आत्मारामला विचारलं की कसं वाटलं.

"छान उठते," आत्माराम देवदत्तला म्हणाला. "पण ताईनं ते स्वतः केलं होतं रे. तीन दिवस सुटी काढून, घरच्यांना चोरून. हिनं काहीच केलेलं नाही. ही माझी कोणी नाही."

"आल्झो, मग आजोबा, त्यांना काय सांगू?"

"सांग, हे लावू नका म्हणून."

देवदत्तने सांगितलं. बाईने फार आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाली की हक्क कंपनीकडे आहेत, तारीखही ठरली आहे. थॉर्नकोट पुन्हा उठणार आणि त्याच्याबरोबर ती कोणाचीही नसलेली बाईसुद्धा रोज उठणार, हे त्याच टेबलावर कळून चुकलं.

आत्मारामने मग फ्राऊ ब्रांटना एकच विचारलं, आणि ते स्वतःच्या जर्मनमध्ये विचारलं, म्हणजे मधे कोणी गोड करून सांगू नये. डबा घट्ट लावला म्हणून झालं का? बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. हो, त्या म्हणाल्या. घट्ट आणि गरम. उघड्या डब्यात, गार जागी असती तर आज लावून बघता आली असती.

संपदा काही बोलणार होती, इतक्यात आत्मारामचा फोन वाजला. त्याला फोनच्या पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून त्याचा फोन नेहमी मोठ्याने बोलतो. त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं, मीही.

"अहो, दिसल्या का वन्सं?" वसुधाने विचारलं.

"दिसली," तो म्हणाला. "अगदी होती तशी."

"मला माहीत होतं. झाकण मी किती घट्ट लावलं होतं."

"हो गं. तू लावलंस म्हणून राहिली."

फोन ठेवल्यावर त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. संपदाने तो पुसून त्याच्या खिशात घातला आणि त्याला धरून बाहेर नेलं. रिकामी कोठी देवदत्तने मागून उचलून नेली.

मी इथेच फळीवर आहे. कंपनीचं माझ्याकडे काम राहिलेलं नाही. पुढच्या आठवड्यात घातक कचऱ्याची गाडी येते, त्यात माझा नंबर आहे. तेव्हा मित्रांनो, जाता जाता दोन गोष्टी मागते. ज्याच्यावर तुमचा जीव आहे ते कितीही नाजूक असलं तरी वर्षातून एकदा उघडा, वारा लागू द्या, डोळे भरून बघा. चांगल्या दिवसाची वाट बघत झाकण लावून बसू नका.

आणि कधी नेकारसुल्मला त्या घरी गेलात, तर वसुधा तुम्हाला ती कोठी दाखवेल. वन्संना मी कशी जपली, ते सांगेल. तुम्ही फक्त हो म्हणा.