दोन छोट्या नावा

नागसेनने पत्रक दिवाणावर पसरलं आणि घडी तळहाताने दाबून सपाट केली. श्रीनगरहून निघणारी झेलमची रेघ नेमकी घडीवर आली होती. पुसट होऊ नये म्हणून त्याने ती निळ्या पेनाने गिरवून घेतली होती.

"पाच दिवस," तो म्हणाला. "पहिला मुक्काम शादीपूर, मग मानसबल, मग वुलर. सकाळी जाग येईल तेव्हा खिडकीबाहेर वेगळा डोंगर."

"वाचलंय मी," त्याचा बाप सहादू पगारे म्हणाला.

फेब्रुवारीचा तिसरा रविवार होता, १९८२ सालातला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सहादू आणि पुंजाराम शेळके बारा वर्षं एकाच पाळीला होते. दोघांची प्रवास सवलत याच वर्षी संपत होती, दोघांच्या घरात माणसं चार-चार, आणि मे महिन्यात मिळून काश्मीरला जायचं दिवाळीपासून ठरलेलं. राहिली होती ती फक्त नाव. नाशिक रोडच्या प्रवासवाल्याला सोमवारी सकाळी उत्तर हवं होतं.

त्याने दोन पर्याय दिले होते. आठ माणसांची मोठी नाव झेलममधून थेट वुलर सरोवरापर्यंत जायची. ती दोन कुटुंबांनी मिळूनच घ्यायची. कठड्याविना नाव, म्हणून बारा वर्षांखालची मुलं नकोत, अशी अट होती. नावेवर एकच चूल, आणि स्वयंपाक दोन्ही घरच्या बायकांनी करायचा. नाहीतर दोन छोट्या नावा. त्या दल सरोवरातून हलत नसत. प्रत्येकीवर आपापली चूल.

नागसेन सतरा वर्षांचा होता आणि विशाखा वीस. अट त्यांना अडवत नव्हती, आणि शेळक्यांच्या दोन्ही मुलांनाही नाही.

पुंजाराम दहाच्या सुमाराला आला. चप्पल दारात काढून नेहमीच्या खुर्चीत बसला आणि सहादूच्या बायकोने, सुमनबाईने, दिलेल्या चहाची बशी तोंडाला लावली. तो या घरात बारा वर्षं चहा पीत होता. त्याची बायको अंबूबाई मात्र कधी आली तर उंबऱ्याशी उभी राही, काम सांगे आणि घाई आहे म्हणून निघून जाई.

"काय कप्तान," तो नागसेनला म्हणाला, "केला का नकाशा?"

"केला, काका."

"माझं वजन बघता मोठीच नाव घ्यावी लागंल. छोटी एका अंगाला कलायची." तो हसला. मग हसू आवरून त्याने बशी खाली ठेवली. बोटाने तिची कड पुसली. "सहादू, मी काय म्हणतो..."

"थांब, आधी माझं ऐक," सहादू म्हणाला. "आपण दोन छोट्या घेऊ."

पुंजारामने वर पाहिलं.

"मोठीवर चूल एक. वहिनींच्या गळ्यात माळ. परमुलखात त्यांना अवघड कशाला? ज्याचं त्याला मोकळं राहील."

हे वाक्य सहादूने आदल्या संध्याकाळी सुमनबाईपुढे म्हणून पाहिलं होतं. तिने तेव्हा एवढंच विचारलं होतं, "आणि पोरांचं वुलर?" पोरांना श्रीनगर दिसतंय ना, असं तो म्हणाला होता. शेळक्यांच्या तोंडून 'नाही' ऐकायचं, तेही पोरांसमोर, यापेक्षा आपणच आधी बोललेलं बरं, असंही म्हणाला होता.

"म्हंजी तुमचं ठरलंय?" पुंजारामने विचारलं.

"ठरलंय."

"मंग वुलर राहिलं."

"राहिलं."

पुंजारामने उरलेला चहा संपवला. कांद्याच्या भावावर दोन वाक्यं बोलला; चांदवडच्या मळ्यात यंदा माल बरा होता. मग उठला. दारात चप्पल घालायला त्याला जरा जास्त वेळ लागला. "सांगतो मी उद्या त्याला," असं पाठमोराच म्हणाला आणि जिना उतरला.

नागसेनने पत्रक होत्या त्या घड्यांवर मिटलं. आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं नाही, आणि बाहेर गेला.

विशाखा आतल्या दाराशी जमिनीवर पुस्तक घेऊन बसली होती. तिची शिक्षिकेच्या कोर्सची शेवटची परीक्षा एप्रिलमध्ये होती. जूनपासून ती कुठल्या गावच्या शाळेत असेल, कोणालाच माहीत नव्हतं. चौघं मिळून कुठं जायची ही बहुधा शेवटची वेळ.

"अण्णा," तिने विचारलं, "चांदवडला आपण झाडाखाली जेवायला बसलो होतो. गार होतं म्हणून ना?"

सुमनबाईच्या हातातली बशी तशीच राहिली.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. पुंजारामच्या मळ्यात कांदा काढणीला दोन्ही घरं गेली होती. जेवणाच्या वेळी शेळक्यांची पंगत ओटीवर बसली आणि पुंजारामच्या आईने पगाऱ्यांची पानं आवारातल्या निंबाखाली मांडली. तिथं का, असं मुलांनी विचारलं तेव्हा सहादूने सांगितलं होतं, इथं गार आहे. मुलांना ते पटलं होतं. नागसेनने तर पुंजारामच्या मंदाला हाक मारली होती, तूही इकडे ये, इकडे वारा आहे.

"तू लहान होतीस," सहादू म्हणाला.

"हो," विशाखा म्हणाली आणि पान उलटलं.

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. दोरीवरच्या कपड्यांवर वीज केंद्राच्या राखेचा बारीक थर बसला होता. त्याने एक-एक कपडा झटकला, पुन्हा दोरीवर टाकला. सगळे झटकून झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

चारच्या सुमाराला मंदा आली. पुंजारामची थोरली, विशाखाच्या वर्गातली. ती विशाखाकडे न जाता सहादूपुढे उभी राहिली.

"काका, तुम्ही सकाळी असं का बोललात?"

"काय गं?"

"आठ दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. मी आईला सांगितलं, मोठी नाव नसली तर मी येत नाही, तुम्ही तिघं जा. बापू मध्ये पडले तर त्यांना दोन दिवस डबा दिला नाही तिनं." ती थांबली, श्वास घेतला. "काल रात्री हो म्हणाली. बापू सकाळी तेच सांगायला आले होते."



"आणि आता?" सुमनबाईने विचारलं.

मंदाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता म्हणती, बरं झालं बाई, तेच बोलले. माझ्या जिवावरचं टळलं."

विशाखाने पुस्तक मिटलं. सहादूला वाटलं, ती बोलली असती तर बरं झालं असतं. त्याला मंदाच्या आईचा राग येत होता. पुंजारामचाही येत होता. बारा वर्षं चहा पिणाऱ्या माणसाला एवढं एक वाक्य पुरं करता येऊ नये? आणि ते वाक्य मध्येच कोणी तोडलं, हेही त्याला दिसत होतं. तो भिंतीकडे बघत राहिला.

सुमनबाईने पदराला हात पुसले आणि चप्पल पायात सरकवली.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"जे बोललात ते परत घ्यायला. त्यांना नाही म्हणायचं असलं तर त्यांच्या तोंडाने म्हणू द्या. तुमच्या तोंडाने नको."

शेळक्यांची खोली दोन इमारती पलीकडे होती. पुढे सुमनबाई, मग सहादू, मागे दोघी मुली.

पुंजाराम बनियनवर पेपर वाचत बसला होता. त्यांना पाहून धडपडत उठला, खुंटीवरचा सदरा ओढला. अंबूबाई आतल्या दारात बसून सुपातले गहू निवडत होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे घेतला, हात थांबवला नाही.

"वहिनी," सहादू तिच्याकडे बघत म्हणाला. "मी सकाळी आमच्या मनातलं बोललो नाही. आम्हाला मोठ्या नावेतून जायचंय. तुमच्याबरोबर. एका चुलीवर. तुमचं काय असंल ते आता सांगा."

पुंजाराम बायकोकडे बघत होता. मंदा दाराच्या चौकटीला टेकली होती. तिच्या खांद्यामागून विशाखा आईबापाकडे टक लावून पाहत होती.

अंबूबाईने सुपातला एक खडा उचलला, बाजूला ठेवला. आणखी एक. गहू दोनदा पाखडले. तिच्या गळ्यातली माळ हातांबरोबर हलत होती. गहू कधीच स्वच्छ झाले होते आणि ती तेच पुन्हा निवडत होती.

मग तिने सूप खाली ठेवलं आणि मान वर न करता सुमनबाईला म्हणाली,

"मला भाकर थापता येत नाय. कडांना फाटती. भाकरी तुम्हालाच कराव्या लागतील."

"करीन."

"तिकडं थंडी लय, म्हणत्यात. बाजरीचं पीठ घ्यावं लागंल बरोबर."

सुमनबाई उंबरा ओलांडून आत आली आणि सुपापाशी जमिनीवर बसली.

"बाजरीचं नको," ती म्हणाली. "चार दिवसांत कडू होतं. ज्वारीचं घेऊ."