समोर बटणे असलेले गाऊन

मित्रांनो, बदलापूरला बेलवलीत गुरुदत्त आणि सुहासिनी यांच्या घरी खिडकीखाली जी काळी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे, ती मीच. माझ्यावरची सोनेरी वेलबुट्टी आता पुसून गेली आहे. मी जुनी झाले, पण टाका अजून सरळ घालते.

माझी उमेदीची वर्षे उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, एका सिंधी शेठच्या कारखान्यात गेली. दिवसभर परकर, नाहीतर शर्टांच्या कॉलरी. पुढे शेठने मोटारीवरच्या मशिनी आणल्या आणि मला दाराशी काढून ठेवले. तिथे सुहासिनीने मला पाहिले. शेठ म्हणाला, "ले जाओ ताई, धागा नहीं तोडती." कारखान्यात माझे कौतुक झाले ते एवढेच, तेही निघताना. हे शहाऐंशी सालातले.

गुरुदत्त अंबरनाथला एका कंपनीत सुपरवायझर होते. मला खरे चालवले ते त्यांच्या मुलीने, कुंदाने. शाळेत असतानाच तिचा माझ्यावर हात बसला. शेजारच्या इंदुबाई म्हणायच्या, "कुंदाने शिवलेला ब्लाउज खांद्यावरून घसरत नाही हो." माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

मग एका दुपारी शिवता शिवता कुंदाची नजर एका जागी थिजली. तोंड काही चघळल्यासारखे हलू लागले आणि ती माझ्यावर कोसळली. तिचे पाय मात्र झटके देत राहिले, त्यामुळे मी चालूच होते. सुई तिच्या बोटातून आरपार गेली. आरडाओरडा ऐकून इंदुबाई धावत आल्या. कुणी नाकाशी चप्पल धरली, कुणी कांदा. डॉक्टरांनी सांगितले, ही फिट आहे, गोळ्या घ्याव्या लागतील.

सुहासिनीने त्याच संध्याकाळी माझा चामडी पट्टा काढून कपाटात ठेवला. पट्ट्याशिवाय माझे चाक फिरत नाही. माझ्यावर चादर आली, चादरीवर इस्त्रीचे कपडे साठू लागले. कुंदाचेही तसेच झाले. गॅसपाशी जायचे नाही, एकटीने रस्त्यावर जायचे नाही, न्हाणीघराची कडी लावायची नाही. कुणी तिची चौकशी केली की सुहासिनी उत्तर द्यायची, "जरा अशक्तपणा आहे तिला." कुंदा तिथेच बसलेली असायची. गोळ्या वाढल्या, बदलल्या, तरी फिट येतच राहिली. कुंदाचे बोलणे कमी झाले. पुढे ती रडेनाशीही झाली.

पंच्याण्णव साली गुरुदत्तांनी तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवले. परत आल्यावर ते पलंगावर बसून म्हणाले, "ॲडमिट करायचं म्हणतायत. डोक्याला वायरी लावणार, समोर कॅमेरा. तिथे, त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करणार आणि फिट यायची वाट बघणार. ती कुठून सुरू होते ते कळलं, तर इलाज नेमका करता येईल."

"वाट बघणार?" सुहासिनी म्हणाली. "इतकी वर्षं ती येऊ नये म्हणून देवापाशी बसले, आणि आता यावी म्हणून जायचं?"

कुंदा भिंतीकडे बघत होती.

तयारी सुरू झाली. केसांना तेल चालणार नव्हते. कुणीतरी सतत जवळ हवे होते. आणि वायरी लावल्यावर डोक्यावरून कपडे काढता येत नाहीत, म्हणून समोर बटणे असलेले कपडे हवे होते. कुंदाकडे सगळे पंजाबी ड्रेस.

"शिंप्याकडे टाकते," सुहासिनी म्हणाली.

"तो विचारेल कशाला म्हणून. मग तू काय सांगशील? मी शिवते. पट्टा दे."

"मुळीच नाही."

"आई, मी तिथे फिट यायची वाट बघत पडणार आहे. मग इथे आली तर काय मोठंसं?"

ती चिडली नव्हती. आज भाजी कसली, असे विचारावे तशा आवाजात बोलली. गुरुदत्त उठले. त्यांनी कपाटातून पट्टा काढून माझ्यावर चढवला, माझ्या भोकाभोकांत तेल सोडले. सुहासिनी स्टूल ओढून शेजारी बसली आणि तिने माझ्या चाकावर तळवा ठेवला. कुंदाला काही झाले, तर मला तत्क्षणी थांबवायला. कुंदा शिवत गेली, चाक आईच्या हाताला घासत फिरत राहिले. गाऊन तयार झाले. काजे कुंदाने हाताने केली.

"भीती वाटते का गं?" सुहासिनीने विचारले.

"काहीच वाटत नाही." मग सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "आई, तिथे मला फिट आली तर काय करशील?"

"घंटा दाबीन."

"आणि?"

"चादर बाजूला करीन."

"आणि?"

सुहासिनी तयार गाऊनची घडी घालू लागली.

"बाजूला सरायचं, आई. मला कवटाळून धरायचं नाही. मी कॅमेऱ्यात दिसले पाहिजे. म्हण ना."

"बाजूला... सरेन," सुहासिनी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. कुंदा बटण लावत राहिली.

सकाळी आईने तिचे केस शाम्पूने धुऊन दिले. तेलाची बाटली सवयीने हातात घेतली आणि परत ठेवली. बॅग भरून तिघे गेले. घर बंद राहिले.

परत आल्यावर सुहासिनीने इंदुबाईंना सांगितले, "वाट बघून बघून आली एकदाची. मी घंटा दाबली आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. पोटची पोर समोर तडफडत होती, हात लावला नाही मी." ऑपरेशनने भागेल असे डॉक्टरांना दिसले नाही. पण फिटचा प्रकार नीट कळला, गोळी बदलली. फिट पुरती गेली नाही, विरळ झाली.

काही महिन्यांनी इंदुबाई ब्लाउजपीस घेऊन आल्या. "सुहासिनी, कुंदाला जमेल का गं आता शिवायला? तिची तब्येत..."

सुहासिनीने तोंड उघडले आणि मिटले. मग म्हणाली, "तिलाच विचारा."

कुंदाने मान वर केली. किती वर्षांनी बाहेरचे कुणी तिचे तिलाच विचारत होते!

"जमेल, मावशी. पण मला मधूनच फिट येते. तेव्हा तुम्ही असलात तर मशीन थांबवून मला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, थांबेपर्यंत जवळ बसा. आणि बाही केवढी ठेवू?"

मित्रांनो, मला तेल हवे की नको, हे खुशाल माझ्या मालकिणीला विचारा. पण आजारी माणूस समोर बसलेला असेल, तर त्याचे त्यालाच विचारा.