एका केसावर नेम

विस्कॉन्सिनमधल्या केटलबी गावात ऑरिन फ्लूगरचं केस कापायचं दुकान होतं, आणि त्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःची हजामत होईपर्यंत ऑरिनची हजामत करायची पूर्ण मुभा होती. विषय ठरलेला असायचा. ऑरिन दर शरद ऋतूत धनुष्य घेऊन रानात जायचा आणि दर शरद ऋतूत हात हलवत परत यायचा.

बंदुकीला तो हात लावत नसे. वडील आयुष्यभर बाणानंच शिकार करत आले, म्हणून यानंही तोच हट्ट धरलेला. हातही वाईट नव्हता. पण जिवंत हरीण समोर आलं की त्याचं डोकं घुसळल्या ताकासारखं व्हायचं. त्यातही ते ठरावीक हरीण आलं की विचारूच नका. शिंगांना इतके फाटे की गावानं त्याचं नाव झुंबर ठेवलं होतं. झुंबरावर सोडलेला ऑरिनचा पहिला बाण बर्चच्या झाडात घुसला. पुढच्या वर्षी तो मेहुण्याच्या पिकअपच्या टायरमध्ये गेला. आणि गेल्या वर्षी तर शेजारच्या शेतकऱ्यानं ठोकलेल्या ‘शिकारीस मनाई’ या पाटीवरच्या पहिल्या अक्षराच्या बरोब्बर पोटात.

“नेम म्हणावा तर असा,” मेहुणा वेंडेल दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला. “पाटी जागच्या जागी ठार. तडफडलीसुद्धा नाही.”

वेंडेल हा ऑरिनच्या बायकोचा, आर्लिसचा, धाकटा भाऊ. मक्याची शेती, गडगडाटी हसू, आणि दर वर्षी एक तरी हरीण. त्यामुळे त्याचं तोंड कोण धरणार?

सप्टेंबरमधल्या एका रविवारी आर्लिसनं आपल्या एल्फ्रीडा मावशीला जेवायला बोलावलं. मावशी ऐंशीच्या पुढची, कानात यंत्र, हातात काठी. तरुणपणी तिनं तिरंदाजीत इतके चषक जिंकले होते की आता ती त्यांत विणकामाच्या सुया ठेवायची. जेवताना वेंडेलनं पाटीचा किस्सा पुन्हा रंगवून सांगितला. सगळे हसले. मावशी हसली नाही. तिनं ब्रँडीतली चेरी काडीनं काढून खाल्ली आणि ऑरिनकडे वळली.

“बाण सोडताना तू बघत कुठे होतास?”

“हरणाकडे.”

“हरणाच्या कुठे?”

“कुठे म्हणजे… सगळ्या हरणाकडे. केवढं थोरलं होतं ते, मावशी!”

“मग बिचाऱ्या बाणानं तरी काय करावं? त्याला पत्ता काय दिलास, तर विस्कॉन्सिन. घर नंबर नको?”

ऑरिन बटाट्यावर मीठ घालत राहिला. आधीच दोनदा घालून झालं होतं.

“शिंगांकडे बघत होतास. हो की नाही?”

“मोजत होता!” वेंडेल ओरडला. “दुसऱ्या दिवशी दुकानात सांगत होता, बारा टोकं आहेत म्हणून!”

“तू गप रे. ऑरिन, शिंगांना फुफ्फुसं असतात का?”

“नाही.”

“मग तिथे बघायचं काय? पुढच्या पायाच्या मागे, जरा वर. तिथला एक केस निवडायचा. एकच! हवं तर त्याचं बारसं कर, पण बाण लागेपर्यंत त्याच्यावरून नजर हलवायची नाही.”

“मावशी, केस तर मी दिवसभर बघतोच की. धंदाच आहे माझा.”

“तू केस बघत नाहीस, गप्पा मारतोस. वेंडेलचे कल्ले बघ.”

वेंडेलनं चटकन दोन्ही गालांवर हात ठेवले. एक कल्ला कानाच्या पाळीपर्यंत होता, दुसरा जबड्यापर्यंत. आर्लिसला ठसका लागला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. ऑरिनच्या घरामागे फोमचं एक हरीण उभं होतं. मावशी घडीच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन बसायची. पहिल्या दिवशी एक बाण हरणाच्या ढुंगणात गेला आणि एक दोरीवर वाळत घातलेल्या आर्लिसच्या नव्या चादरीतून आरपार.

“चादरीकडे बघितलंस?” मावशीनं विचारलं.

“जराशी दिसली.”

“दिसलीच कशी?”

मग मावशीनं सॉसेजवर घालायच्या मोहरीच्या चटणीची बाटली मागवली आणि फोमच्या हरणाच्या बरगडीवर पिवळा टिळा लावला. ऑरिनचे बाण टिळ्याभोवती जमायला लागले. तसतसा मावशी टिळा लहान करत गेली. नाण्याएवढा, मग मटाराएवढा, मग काडीच्या टोकाएवढा. आणि गंमत अशी की टिळा जितका बारीक, तितके बाण एकमेकांना खेटून बसायला लागले. शेवटी तिनं तो पुसूनच टाकला.

“आता तुझा तू शोध.”

ऑरिनला फोममध्ये एक बुडबुडा फुटल्याची खूण सापडली. त्यानं बाण सोडला आणि लगेच मान वर केली.

“आता काय बघितलंस?”

“बाण कुठे जातोय ते.”

“त्याला वाट ठाऊक आहे. त्याच्या मागे मागे जायची तुला गरज नाही. तू त्या खुणेला धरून बस.”

ऑरिनला हे पटलं. आणि एकदा एखादी गोष्ट पटली की तो ती अर्धवट सोडणारा माणूस नव्हता. तो दिवसभर सराव करायला लागला. सकाळी अंड्यावरचा मिरीचा एक कण निवडायचा आणि टक लावून बसायचा. कॉफी निवायची, टोस्ट करपायचा, आर्लिस दोनदा हाक मारून तिसऱ्यांदा चमचा फेकायची. गाडी चालवताना मात्र तिनं या सरावावर कडक बंदी घातली होती. पुढच्या दुधाच्या टँकरचा एक बोल्ट बघत बघत तो सासुरवाडीऐवजी डेअरीच्या फाटकात जाऊन उभा राहिला होता, त्यानंतर.

चर्चमध्ये त्यानं पास्टर टोस्ट्रुड यांच्या डाव्या कानाखालची चामखीळ निवडली. पूर्ण प्रवचनभर त्याची पापणी लवली नाही. मंगळवारी पास्टर स्वतः दुकानात आले. केस कापून घ्यायचे नव्हते. उगाच टोपी हातात फिरवत उभे राहिले.

“ऑरिन, इतकी वर्षं मी प्रवचन करतोय. लोक जांभया देतात, घड्याळ बघतात. पण तू परवा ज्या नजरेनं ऐकत होतास… मला शेवटी शेवटी घाम फुटला. माझं काही चुकलं होतं का?”

“नाही, नाही. फार भिडलं मनाला.”

पास्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे त्याला चर्चच्या शुक्रवारच्या मासळी-जेवणाचा प्रमुख करून टाकलं. आता दर शुक्रवारी सगळ्या गावाची मासळी तळायची ऑरिननं.

“आणि प्रवचन कशावर होतं?” आर्लिसनं घरी विचारलं.

ऑरिननं बराच विचार केला. “डावीकडे,” तो म्हणाला. “कानाच्या जरा खाली.”

धंद्यावरही परिणाम झालाच. वेंडेल केस कापायला आला तेव्हा ऑरिननं त्याच्या उजव्या कानामागचा एक पांढरा केस हेरला आणि त्याच्या आजूबाजूला अशी काही सुरेख कापणी केली की वेंडेल आरशात बघून खूश झाला. दुसरी बाजू तशीच राहिल्याचं त्याला शेतकऱ्यांच्या सभेत कळलं, तेही बाजू मांडायला उभा राहिल्यावर. कुणीतरी मागून विचारलं, “कुठली बाजू?”

नोव्हेंबर उजाडला. नर हरणं माद्यांच्या मागे वेडीपिशी होऊन हिंडायचे दिवस. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून ऑरिन आणि वेंडेल पहाटेच रानात गेले. ऑरिनचं मचाण वेंडेलच्या मक्याच्या शेताच्या कडेला ओकच्या झाडावर होतं. वेंडेलचं घळीच्या पलीकडे. तिथून ऑरिनचं मचाण नीट दिसायचं, पण बाण पोचायचा नाही. ऑरिननं कमरेचा पट्टा खोडाला अडकवला आणि नाकातून वाफा सोडत बसून राहिला. पानांवर दहिवर गोठलं होतं. खार पळाली तरी घोडा आल्यासारखा आवाज व्हायचा.

ऊन झाडांच्या शेंड्यावर आलं आणि घळीकडून पावलं वाजली. ही खार नव्हती. थांबत थांबत येणारी, जड पावलं. ऑरिननं मान न हलवता डोळे फिरवले. झुडपाच्या वर, सावकाश, शिंगं सरकत होती. फाट्यांना फुटलेले फाटे. झुंबर!

झालं.  मचाण करकरायला लागलं. डोक्यात कुणीतरी मोजायला सुरुवात केली: एक, दोन, तीन, चार…

ऑरिननं डोळे घट्ट मिटले. शिंगांना फुफ्फुसं नसतात, त्यानं स्वतःला सांगितलं. नसतात. नसतात. मग त्यानं डोळे उघडले, पण झुडपाच्या वर नाही, झाडीतल्या मोकळ्या फटीवर. आणि तेवढ्यात फटीत तपकिरी अंग आलं. पुढचा पाय. पायाच्या मागे, जरा वर, केसांत अडकलेलं एक इवलंसं काटेरी बोंड.

त्यानं ते बोंड नजरेनं धरलं. धनुष्य कधी ताणलं गेलं ते त्याला कळलंही नाही. रान गेलं, थंडी गेली, दुकान गेलं, वेंडेल गेला. दूर कुठेतरी, नजरेच्या अगदी कडेला, काहीतरी जोरजोरात हलत होतं. हलू दे. जगात फक्त एक बोंड उरलं होतं आणि त्याचे काटेसुद्धा त्याला वेगवेगळे दिसत होते.

बाण सुटला. टप्प असा आवाज आला. हरणं उधळली, पानं खळखळली, मग सगळं शांत. ऑरिन अजून त्याच जागेकडे बघत होता. तिथे आता हरीण नव्हतंच, मागचा झाडाचा बुंधा होता. तो बराच वेळ बुंध्याकडेच बघत राहिला.

रीतीप्रमाणे वाट बघून तो खाली उतरला, तोवर वेंडेल घळ ओलांडून आला होता. चेहरा लालभडक, डोक्यावर टोपी नाही, आणि एका हातानं पँट वर धरलेली.

“ऑरिन! अरे काय केलंस तू?”

“लागला, वेंडेल! लागला! झुंबराला लागला!”

 वेंडेलनं नुसतं बोट दाखवलं. रक्ताचा माग लांब नव्हताच. हेमलॉकच्या झाडाखाली एक धष्टपुष्ट हरीण पडलं होतं. निपचित, शांत. ऑरिन त्याच्या डोक्याशी गेला, वाकला, मग दुसऱ्या बाजूनं जाऊन वाकला.

“शिंगं कुठायत?”

“ही मादी आहे.”

“दिसतंय मला.”

“आत्ता दिसतंय!” वेंडेलनं दोन्ही हात आकाशाकडे नेले आणि पँट पुन्हा पकडली. “अरे, झुंबर तिच्या मागे उभा होता! बरोब्बर मागे! तिच्या पाठीवरून शिंगं अशी वर आलेली, कौलांवर अँटेना असावा तशी! ती पुढे सरकली की तो अख्खा तुझ्यासमोर! ओरडलो तर पळेल, म्हणून मी टोपी हलवली. मफलर हलवला. शेवटी पट्टा काढून हलवला, तो खाली घळीत पडला. मचाणावर नाचलो मी, ऑरिन! तो झुंबर तुला सोडून मलाच बघत होता!”

“मला काहीच दिसलं नाही.”

“सगळ्या रानानं बघितलं!”

ऑरिन पानांत गुडघे टेकून बसला. परवाना मादीचाही होता, त्यामुळे त्या बाजूनं काही चुकलं नव्हतं. त्यानं हरणाच्या अंगावर हात ठेवला. अजून ऊब होती. पुढच्या पायाच्या मागे, केसांत, ते बोंड तसंच अडकलेलं होतं, आणि त्याला चिकटूनच बाण आत गेला होता. इतकी वर्षं तो म्हणत आला होता की वारा होता, धनुष्य जुनं झालं, हात गारठले होते. आज वारा होता की नव्हता, हेही त्याला सांगता आलं नसतं. तिला त्रास झाला नव्हता. त्यानं तिच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि बाहीनं डोळे पुसले.

“रडतोयस?” वेंडेलनं विचारलं.

“थंडी आहे.”

वेंडेलही खाली वाकला. त्यानं बोंड बघितलं, बाणाची जागा बघितली. अगदी हळू आवाजात म्हणाला, “बाप रे.” मग त्यानं तिचे पुढचे पाय धरले, ऑरिननं मागचे, आणि दर दहा पावलांवर वेंडेलची पँट घसरत असल्यामुळे गाडीपर्यंत पोचायला दोघांना दुपार झाली.

बातमी त्यांच्या आधीच गावात पोचली. दुसऱ्या दिवशी दुकानात बसायला जागा नव्हती. “मादीला झुंबराच्या आडून मारलंस की झुंबराला मादीच्या आडून सोडलंस?” असे प्रश्न झाले. ऑरिननं सगळ्यांना हसू दिलं, स्वतःही हसला, आणि विचारेल त्याला आपल्या बरगडीवर बोट ठेवून जागा दाखवत राहिला.

रविवारी आर्लिसनं लोण्यात कांदा परतून त्यात मांसाचे काप टाकले. एल्फ्रीडा मावशी टेबलाच्या टोकाला बसली. तिनं शिंगांचं नावही काढलं नाही.

“कुठल्या केसावर धरलास?”

“केस नव्हता, मावशी. काटेरी बोंड होतं.”

मावशीनं जरा विचार केला. “चालेल,” ती म्हणाली. “पहिलीच खेप आहे.” आणि तिनं ताट पुढे केलं, आणखी वाढ म्हणून.

वेंडेल आज फारसा बोलत नव्हता. त्यानं सुरी ठेवली, काटा ठेवला, पुन्हा सुरी उचलली.

“मावशी, या शनिवारी मोकळी आहेस का?”

“का रे? तू तर दर वर्षी मारतोस.”

“मारतो, पण…” त्यानं आर्लिसकडे बघितलं, ऑरिनकडे बघितलं, मग ताटाकडे. “बाण सोडताना मी डोळे मिटतो.”

 स्वयंपाकघरात कांदा चुरचुरत होता.

“दोन्ही?” मावशीनं विचारलं.

“दोन्ही.”

आर्लिसनं तोंडावर रुमाल दाबला, पण आधी हसली ती मावशीच. इतकी हसली की कानातलं यंत्र निसटून रश्श्यात पडलं, आणि वेंडेल ते चमच्यानं शोधत बसला.